चित्रांची आकडेमोड आणि दोन विद्यार्थी

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे छायाचित्र म्हणजे प्रत्यक्षात आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो. चित्राचे बारीक चौकोनी ठिपके पाडलेले असतात आणि प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरव्या व निळ्या रंगाची मात्रा सांगणारे तीन आकडे असतात. नेहमीच्या चित्रात हे आकडे ० ते २५५ या दरम्यान असतात. चित्र उजळ करायचे तर प्रत्येक आकडा थोडा वाढवायचा. धूसर करायचे तर प्रत्येक ठिपक्याला त्याची स्वतःची व शेजाऱ्यांची सरासरी द्यायची. म्हणजे बेरीज आणि सरासरी, आपण शाळेत शिकवतो तीच. मग हे करणारी आज्ञावली महाग का असावी?

हे गणित विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातले आहे, याला इतिहासच साक्ष आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल यांनी मॅकिंटॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. भाऊ जॉन यांच्या मदतीने ती वाढत गेली आणि १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती ‘फोटोशॉप’ या नावाने विकायला काढली. ती उत्तम होती, पण तिची किंमत शेकडो डॉलर होती आणि ती आतून कशी चालते हे ग्राहकाला पाहता येत नव्हते.

१९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी अशीच एक आज्ञावली लिहायला घेतली. तिचे नाव ‘गिंप’. १९९६ च्या सुरुवातीला तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. आज्ञावलीचे मूळ लिखाणही सोबत दिलेले होते. कोणीही ते वाचावे, बदलावे, वाटावे. अट एवढीच, की बदललेली आज्ञावली वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यायचे. शिवाय नव्या करामती मूळ गाभ्याला हात न लावता बाहेरून जोडण्याची सोय पहिल्यापासून होती. लिनक्सचे प्रसिद्ध पेंग्विन लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये याच आवृत्तीवर रंगवले.

पण अडचण भलतीकडेच निघाली. चित्रांचे गणित सुटले होते. पडद्यावरच्या खिडक्या, बटणे आणि याद्या काढण्यासाठी मात्र ‘मोटिफ’ नावाचा विकतचा संच वापरलेला होता. ज्यांच्याकडे त्याचा परवाना नव्हता, त्यांना गिंपचे मूळ लिखाण हाती असूनही त्यापासून चालती आज्ञावली बनवणे अवघड जाई. म्हणजे आज्ञावली फुकट, पण तिचा पाया विकतचा! तेव्हा मॅटिस यांनी खिडक्या-बटणांचा स्वतःचा संच लिहिला. त्याचे नाव ‘जीटीके’, म्हणजे गिंपचा अवजारसंच. १९९७ मध्ये ‘नोम’ हा लिनक्सचा मुक्त कार्यपट उभारायला सुरुवात झाली तेव्हा त्याचा पाया म्हणून हाच संच निवडला गेला. एका चित्र-आज्ञावलीच्या गरजेतून निघालेले अवजार असे हजारो इतर आज्ञावल्यांच्या कामी आले.

दुसरी अडचण स्मृतीची. ३००० × २००० ठिपक्यांच्या रंगीत चित्रात ६० लाख ठिपके, म्हणजे १ कोटी ८० लाख आकडे होतात. त्या काळच्या अनेक घरगुती संगणकांच्या स्मृतीत ते मावत नसत. म्हणून गिंपमध्ये चित्राच्या ६४ × ६४ ठिपक्यांच्या फरशा पाडल्या. हाताशी हव्यात तेवढ्या स्मृतीत, बाकीच्या तबकडीवर.

जून १९९८ मध्ये आवृत्ती १.० आली, तोवर दोघे विद्यार्थी शिक्षण संपवून या कामातून बाहेर पडले होते. मूळ लिखाण खुले असल्याने इतर स्वयंसेवकांनी काम पुढे नेले. २००४ च्या आवृत्ती २.० मध्ये अक्षरजुळणीसाठी ‘पँगो’ हा संच आला. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा. देवनागरीतील जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसवण्याचे काम तो करतो.

या मार्गाची किंमतही आहे, आणि ती वेळेत मोजावी लागते. प्रत्येक रंगाला २५६ पेक्षा अधिक पायऱ्या देण्यासाठी लागणाऱ्या नव्या गाभ्याचे काम २००० मध्ये सुरू झाले. ती सोय लोकांच्या हाती पडली २०१८ मध्ये. आवृत्ती ३.० यायला मार्च २०२५ उजाडला. छापखान्यातील चार शाईंच्या पद्धतीत थेट काम करण्याची सोय तीत नाही. छपाईचा व्यवसाय करणाऱ्याला ही उणीव जाणवेल. शाळेच्या भित्तिपत्रकाला ती आड येत नाही.

दुसरीकडे २०१३ मध्ये अडोबीने पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचे जाहीर केले. वर्गणी थांबली की आज्ञावलीही थांबते. शाळेच्या संगणककक्षात महागड्या आज्ञावलीची विनापरवाना प्रत बसवली, तर चित्रकलेबरोबर आपण मुलांना आणखी काय शिकवतो, याचाही विचार व्हायला हवा. गिंपची प्रत विद्यार्थ्याला उघडपणे घरी नेता येते.

एक प्रयोग करून पाहावा. चौकटीच्या कागदावर ५ × ५ घरांत ० ते २५५ मधले आकडे भरावेत. आतल्या प्रत्येक घरासाठी ते घर आणि भोवतालची आठ घरे मिळून नऊ आकड्यांची सरासरी काढून ती नव्या कागदावर मांडावी. मग गिंपमध्ये एखादे चित्र धूसर करावे. दोन्हीकडे काम एकाच जातीचे आहे हे कळले, की एखादी विद्यार्थिनी विचारील, “हे आत कुठे लिहिलेले असते?” या आज्ञावलीत तिला ते दाखवता येते.