राखण कशाची?

आपल्या धर्मग्रामांत आपण रोज देवाची राखण मागतो. ती राखण कशाची, हे वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रातून उमगते. तरुणपणी येशूसंघीयांसोबत ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले; पण संघात प्रवेश मिळाला नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून जपानला परतले. आधी शिकलेली भाषाच सुवार्तेच्या कामी आली! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर चढविले. देह वाचला नाही. श्रद्धा मात्र देवाने राखली. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. संकट टळावे, अशी प्रार्थना आपण जरूर करू या. पण पाचारण सुटू नये, हेही मागू या.