बोअरची वही

मंडळी, मार्च संपत आला की माधवनगर, बुधगाव, कवलापूर या पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, गाडी उभी राहते, तीन-चारशे फूट जाईपर्यंत सगळ्या गल्लीत धूळ. पाणी लागलं तर पेढे, नाही लागलं तर नशिबाला शिव्या. दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावात. मुरूम किती फुटांवर संपला, कातळ कुठं फुटका निघाला, पहिलं पाणी कुठं लागलं, हे कुणीच लिहून ठेवत नाही. आजची पोस्ट त्या न लिहिलेल्या वहीबद्दल आहे. जरा लांबची आहे, पण वाचा.

खाणवाले हेच काम कसं करतात ते आधी बघू. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात रामपुरा आगुचा म्हणून जागा आहे. जुन्या काळी तिथं धातूसाठी खोदल्याच्या खुणा होत्याच. १९७७ साली भूवैज्ञानिकांच्या ध्यानात आलं की इथं जस्त आणि शिशाचा मोठा साठा आहे. १९९१ मध्ये उघडी खाण सुरू झाली आणि तो खड्डा पुढं ४०० मीटरच्या आसपास खोल गेला. आपल्या भाषेत १३०० फूट!

अशी कुठलीही उघडी खाण घेण्याआधी जमिनीत शेकडो भोकं पाडतात. नळीसारख्या हिऱ्याच्या बिटनं खडकाची अखंड कांडी बाहेर काढतात. त्या कांड्या पेटीत क्रमानं लावून प्रत्येकीवर खोली लिहितात. खनिज कुठं आहे हे तर लिहितातच, पण खडक कुठं तडकलाय, ड्रिलिंगला सोडलेलं पाणी कुठं गडप झालं, भोकात पाणी किती वर येऊन थांबलं, हेही लिहितात. काही भोकं बुजवत नाहीत. त्यात पाईप टाकून पुढची कित्येक वर्षं पाण्याची पातळी मोजतात. मग एका बोअरवर सलग पंप चालवायचा आणि शेजारच्या बोअरमधलं पाणी किती उतरतंय ते बघायचं.

एवढा खटाटोप कशाला? खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की चारी बाजूचं पाणी खड्ड्याकडं धावतं. ते उपसलं नाही तर भिंतीत दाब साठून दरड कोसळते. उपसलं तर आसपासच्या विहिरी उतरतात. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींनी हे दाखवून दिलं. शिरगावच्या लोकांनी विहिरी आटल्याची तक्रार हायकोर्टापर्यंत नेली. खनिजाबरोबर गावाचं पाणीही उपसलं जातं, हे तिथल्या बायाबापड्यांना कळशी रिकामी आल्यावर कळलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या सांगलीत कुठं जस्त आणि शिसं? खरंय. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ आहे. पण वही ठेवून भोकं पाडण्याचं फार मोठं काम आपल्याच शेजारी झालंय.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप. दीडशेहून अधिक माणसं गेली. धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा. तो सोडवायला हैदराबादच्या एनजीआरआय संस्थेनं १९९० च्या दशकात कोयना-वारणा भागात ९० ते २५० मीटर खोलीच्या २१ बोअर घेतल्या. पाणी काढायला नव्हे, नुसतं पाण्याची पातळी बघायला. काही भूकंपांच्या वेळी त्यातल्या काही बोअरचं पाणी सेंटिमीटरांत वर-खाली झाल्याची नोंद आहे.

पुढं रासाटीला १५०० मीटरवर खोल भोक पाडलं. ९३० मीटरच्या आसपास काळा कातळ संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. २०१६-१७ मध्ये गोठण्याला तर ३ किलोमीटर खाली गेले. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे. म्हणजे तीन किलोमीटरवर काय आहे ते कराडात लिहिलेलं आहे आणि आपल्या परड्यात तीनशे फुटांवर काय आहे ते आपल्याला माहीत नाही!

कातळात पाणी सगळीकडं नसतं. ते मुरमात, फुटक्या थरात, दोन थरांच्या सांध्यात असतं. सलग काळ्या पाषाणात कितीही खाली गेलात तरी धूळच. शेजाऱ्याच्या कोरड्या बोअरची नोंद असती तर तुमचे पैसे वाचले असते. आणि तुमच्या बोअरनं शेजाऱ्याची विहीर उतरली का, तेही नोंदीशिवाय कळत नाही. मग उरतात ती भांडणं.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. आता तुमच्या गल्लीतल्या शेवटच्या पाच बोअर आठवा आणि किती फूट गेल्या ते मोजा.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. आपण अभिमानानं फोटो टाकले. पण ते कृष्णेचं पाणी होतं, जमिनीतलं नव्हे. आणि जत, आटपाडीला दुष्काळ काय असतो हे आपल्याला लातूरनं शिकवायची गरज नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीत एक जाडजूड वही ठेवा. बोअर मारली की गट नंबर, तारीख, मुरूम किती, कातळ कुठून, पाणी कितीवर, एकूण खोली, एवढं लिहायचं. कोरडी गेली तर तेही लिहायचं, त्यात लाज कसली! गाडीवाल्याला सगळं माहीत असतं, विचारलं की सांगतो. येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, तेवढं खाली लिहा.