काळ्या रंगाचा हिशेब : मोटारीवरील चकाकी कशी आली आणि ती कशी टिकते

१/
जुनी काळी मोटार सावलीत उभी असली की राजेशाही दिसते. तीच उन्हात आली, की टपापासून बॉनेटपर्यंत कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे उमटलेले दिसतात. हा दोष रंगाचा असतो की तिला पुसणाऱ्या हातांचा? या प्रश्नाच्या उत्तरात लाख, डांबर, कापूस आणि पहिल्या महायुद्धाचा दारूगोळा, या सर्वांचा इतिहास दडलेला आहे.

२/
आरंभ शब्दापासून. मोटारीच्या रंगासाठी जगभर रूढ झालेल्या ‘लॅकर’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘लाक्षा’ या शब्दात आहे. पांडवांसाठी रचलेल्या लाक्षागृहातील लाख तीच. हा शब्द फारसी आणि पोर्तुगीज भाषांतून युरोपात पोहोचला आणि पुढे कोणत्याही चकचकीत, कठीण लेपाचे नाव होऊन बसला.

३/
चीन व जपानमधील काळा लेप मात्र लाखेचा नव्हता. तो उरुशी वृक्षाच्या चिकाचा होता आणि दमट हवेत कठीण होत असे. सतराव्या शतकात त्या वस्तूंची युरोपात चटक लागली, पण तो वृक्ष तिकडे नव्हता. मग कारागिरांनी नक्कल सुरू केली. तिला नाव पडले ‘जपानिंग’. या कलेवरचा स्टॉकर आणि पार्कर यांचा इंग्रजी ग्रंथ १६८८ साली प्रसिद्ध झाला.

४/
अठराव्या शतकात ही नक्कल धातूवर आली. डांबरवर्गीय द्रव्य तेलात विरघळवून पत्र्यावर चढवायचे आणि भट्टीत भाजायचे. या ‘जपान ब्लॅक’चा थर कठीण, गंजरोधक आणि स्वस्त असे. शिवणयंत्रे आणि सायकली काळ्या दिसत त्यामागे हेच कारण होते. मोटार जन्मली तेव्हा हा काळा रंग तिची वाटच पाहत होता.

५/
तरीही पहिल्या मोटारींचा रंग घोडागाडीच्या पद्धतीने चढत असे. कुंचल्याने तेलाधारित व्हार्निशचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासून सपाट करायचा, मग पुढचा हात. असे कित्येक थर. एका गाडीच्या रंगकामाला काही आठवडे लागत. गाड्या मोजक्या होत्या तोवर हे चालून गेले.

६/
१९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. आरंभीच्या वर्षांत ती करड्या, हिरव्या, लाल व निळ्या रंगांत मिळे. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरती जुळणी-साखळी सुरू झाली आणि १९१४ ते १९२५ या काळातील अमेरिकी मॉडेल टी फक्त काळी राहिली. काळ्याखेरीज दुसरा रंग मिळणार नाही, या आशयाचे हेन्री फोर्ड यांचे प्रसिद्ध वाक्य या काळाशी जोडले जाते.

७/
काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून फोर्डने तो निवडला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. मडगार्ड आणि सांगाड्याचे लोखंडी भाग भट्टीत भाजता येत. गाडीच्या बॉडीत मात्र लाकडी चौकट होती. तितकी आच लाकडाला सोसवत नसे. त्यामुळे भागाभागाला निरनिराळे काळे रंग लावले जात. वेगाइतकेच महत्त्व स्वस्ताईला, टिकाऊपणाला आणि एकाच रंगाने व्यवस्था सोपी होण्याला होते.

८/
रंगीत गाडी हवी असणाऱ्या उत्पादकांपुढे अडचण उभी होती ती वेळेची. कारखान्यातून रोज १,००० गाड्या बाहेर पडत असतील आणि प्रत्येकीच्या रंगाला २० दिवस लागत असतील, तर कोणत्याही क्षणी २०,००० अर्धवट गाड्या छपराखाली वाळत उभ्या राहणार. साखळी कितीही वेगवान असो, रंगशाळा तिचा गळा आवळत होती.

९/
या कोंडीतून वाट निघाली ती स्फोटकांच्या कारखान्यातून. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. त्यापासूनच धूरविरहित बंदुकीची दारू बनत असे. युद्ध संपले आणि ड्यूपाँसारख्या कंपन्यांपुढे प्रश्न आला, की ही प्रचंड उत्पादनक्षमता कोठे वळवायची? नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आधीपासून ठाऊक होते, पण ते फार दाट असे. फवारण्याइतके पातळ केले, तर थर अगदीच विरळ बसे.

१०/
१९२०च्या सुमारास ड्यूपाँच्या रसायनशास्त्रज्ञांना कमी दाट असे नायट्रोसेल्युलोज साधले. आता रंगद्रव्याचा भरपूर अंश असलेले लॅकर पिचकारीने फवारता येऊ लागले. जनरल मोटर्सच्या सहकार्याने ते ‘ड्यूको’ या नावाने बाजारात आले. १९२४च्या ओकलंड गाड्या या निळ्या रंगात सजल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. दोन वर्षांनी, १९२६च्या मॉडेलमध्ये, फोर्डनेही रंग परत आणले. १९२७ साली मॉडेल टी थांबली आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली कला व रंग विभाग उघडला. काळा रंग आता सक्तीचा उरला नाही, तो आवडीचा झाला.

११/
ड्यूकोची एक अट होती. फवारल्यानंतर त्याची चकाकी आपोआप येत नसे, ती घासून काढावी लागे. उन्हापावसात वरचा थर मंद पडला, की मालक पुन्हा पॉलिश करी आणि गाडी पुन्हा झळके. येथूनच ‘घासले की चमकते’ हा समज घरोघरी पोहोचला. त्यातील तोटा कोणी मोजला नाही. दर घासणीला थोडा रंग फडक्यावर जाई. कडा आणि उंचवटे यांवरचा थर आधी संपे आणि खालचा प्रायमर डोकावू लागे.

१२/
पुढे अल्किड एनॅमल आले, मग अॅक्रिलिक लॅकर आले. १९८०च्या दशकात रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, ही दुपदरी रचना सर्वत्र पसरू लागली. आजच्या गाडीवरचा हा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. ऊन थोपवणारी द्रव्ये त्याच थरात असतात. तो खरवडून गेला, की पॉलिशने परत येत नाही.

१३/
काळ्या गाडीवरच ओरखडे का दिसतात? पांढरा रंग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्या गर्दीत ओरखड्याचा प्रकाश हरवतो. काळा रंग आत शिरलेला जवळजवळ सर्व प्रकाश गिळतो. मग डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो केवळ पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश, आणि प्रत्येक खाच काळ्या पाटीवरील खडूच्या रेघेसारखी उठून दिसते. ती वर्तुळेही आभासी असतात. ओरखडे सर्व दिशांनी असतात, मात्र दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडव्या पडणाऱ्या रेघाच चमकतात.

१४/
वापरलेली काळी गाडी सुधारण्यापूर्वी म्हणून प्रश्न विचारावा लागतो, की हा रंग कोणत्या काळातला आहे? पांढऱ्या फडक्यावर किंचित पॉलिश घेऊन आडोशाची जागा चोळावी. फडके काळे झाले, तर बहुधा वर क्लिअर कोट नाही आणि रंगच निघत आहे. न झाल्यास वर पारदर्शक थर आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र आणखी एक गोष्ट सांगते. एखाद्या दारावर आकडा फार मोठा आला, तर तेथे कधी तरी लांबी भरलेली असते किंवा पुन्हा रंग दिलेला असतो.

१५/
त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. आधी भरपूर पाण्याने धूळ काढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे, रुतून बसलेले कण क्लेने उचलायचे. नंतर सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करायची आणि हातभर जागेवर परिणाम पाहूनच पुढे जायचे. तीव्र रबिंग कंपाउंड हा अखेरचा उपाय. नखाला अडकणारा ओरखडा पूर्ण घालवण्याचा हट्ट सोडावा, कारण त्यासाठी भोवतालचा सारा थर त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. फार जुन्या गाडीच्या प्रायमरमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासणे आरोग्याला घातक आहे.

१६/
मेण किंवा सीलंट ओरखडे मिटवत नाही. कार्नौबा ताडाच्या पानांवरील मेण खाचा काहीशा भरते, पाणी निथळू देते आणि झीज स्वतःवर घेते. काळ्या पत्र्याला ऊन अधिक तापवते, म्हणून धुणे सावलीत व्हावे. नाही तर पाण्यातील क्षारांचे डाग जागीच सुकतात. सर्वांत मोठा शत्रू मात्र रोज सकाळी गाडीवर मारले जाणारे कोरडे फडके. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगाहून कठीण असतात. ते फडके नकळत पॉलिश पेपरचे काम करते.

१७/
या धड्याचे मराठी उदाहरण मुंबईच्या रस्त्यांवर दशकानुदशके धावत होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी, काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची टॅक्सी. पोटापाण्यासाठी धावणाऱ्या गाडीवर रंगाचा हात पुनःपुन्हा फिरे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ साली झाली. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली.

१८/
जतन करणाऱ्यांपुढे येथेच खरा पेच उभा राहतो. अशी गाडी खरवडून नव्या रंगाने आरशासारखी केली, तर ती देखणी होईल, पण थरांखाली दडलेली तिची वर्षे पुसली जातील. मॉडेल टीबाबत हेच घडले. आधुनिक रंगाने सजवलेल्या कित्येक गाड्या कारखान्यातून निघाल्या त्यापेक्षा अधिक चकाकतात. मूळ रंग गाडीला एकदाच लाभतो. नंतर चढतो तो त्या काळाविषयीचा आपला अंदाज.

१९/
म्हणून जुन्या काळ्या गाडीची निगा म्हणजे शिल्लक सांभाळून खर्च करणे. उत्पादकाने दिलेला थर हे भांडवल, प्रत्येक घासणी हा त्यातील खर्च, आणि स्वच्छ पाणी, मऊ ओले फडके व मेणाचा हात ही बचत. उन्हात दिसणारा एखादा ओरखडा तसाच राहू दिला, तर गाडीचे काही बिघडत नाही. तो मिटवण्याच्या नादात संपलेला थर मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.