माउलींचा अश्व आणि सोलापूरचं विमान

आजचा भाग घोड्यांच्या शर्यतीवर आहे असं सांगितलं, तर सोलापूरची माणसं विचारतील, "आपल्याकडं कुठं आलंय रेसकोर्स?" नाहीच. पण आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, दर आषाढी वारीत दोन घोडे गोल मैदानात जीव खाऊन पळतात आणि ते बघायला अफाट गर्दी लोटते. आपण त्याला शर्यत म्हणत नाही, रिंगण म्हणतो. घोडा, प्रवास आणि पाहुणचार या तीन गोष्टींचं नातं कसं असतं, आणि गावात विमान आल्यावर त्याचं काय होतं, हे आज बघू.

आधी रिंगण म्हणजे काय ते सांगतो, कारण टीव्हीवर त्यातली दोनच मिनिटं दिसतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. मग सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला पहिलं गोल रिंगण होतं. पुढे खुडूस, ठाकूरबुवांची समाधी, बाजीराव विहीर. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण अकलूजला आणि उभं रिंगण माळीनगरला. मैदानाच्या मध्ये पालखी, भोवती दिंड्या, आणि त्यांच्याभोवती पळायला मोकळी वाट. आधी पताकावाले पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पळतात, विणेकरी पळतात. मग घोडे सुटतात. माउलींच्या रिंगणात एका घोड्यावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर स्वतः माउली बसलेत ही वारकऱ्यांची श्रद्धा. हा मोकळा घोडा पुढं गेला की एकच जल्लोष होतो. पण बक्षीस नाही, पैज नाही, हरलेला कोणीच नाही. शेवटी लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात.

हे घोडे येतात कुठून? बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून. देहूहून पालखी न्यायची रीत तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. माउलींचा स्वतंत्र सोहळा १८३२ सालचा. तो उभा केला हैबतबाबा आरफळकरांनी. ते मूळ साताऱ्याकडच्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सोहळ्याला जी लष्करी शिस्त दिसते, म्हणजे चोपदार, कर्णा, मुक्कामाचे तळ, दिंड्यांचे क्रमांक, ती त्यांच्याकडून आली असं मानतात. शितोळ्यांनी घोडे दिले, तंबू दिला, आणि तो मान आजही त्यांच्याकडं आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की हे घोडे अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. वाटेत गावोगाव त्यांचं स्वागत होतं, सोबतच्या माणसांची जेवणं होतात. म्हणजे रिंगणाच्या कितीतरी दिवस आधीच पाहुणचार सुरू झालेला असतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या शर्यतींकडं वळू. आपली लाडकी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. सुरुवातीला ती आठवड्याच्या शेवटीच धावायची. मुंबईच्या रेसच्या शौकिनांना पुण्याच्या रेसकोर्सवर आणायचं आणि परत न्यायचं हे तिचं मोठं काम. गाडीतच खाण्यापिण्याची सोय. अमेरिकेत केंटकी डर्बी १८७५ पासून चालू आहे. मे महिन्यातल्या त्या शनिवारी लुइव्हिलच्या विमानतळावर खासगी विमानांची रांग लागते आणि हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात. आता तर घोडेही विमानातून जातात. १९९३ मध्ये आयर्लंडहून ऑस्ट्रेलियात नेलेल्या व्हिंटेज क्रॉप नावाच्या घोड्यानं मेलबर्न कप जिंकला. या सगळ्यात क्रम एकच दिसतो. आधी शर्यत, मग तिथं पटकन पोचायची सोय, आणि त्या सोयीच्या मागोमाग पाहुणचाराचा धंदा. यात वाईट काही नाही. त्यावर त्या शहरांतल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

आपल्याकडं हा क्रम उलटा आहे. वारीतला माणूस पटकन पोचायला निघालेलाच नसतो. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि त्याला अडीच-तीन आठवडे लागतात. एवढे दिवस लाखो माणसं चालतात म्हटल्यावर कुणीतरी त्यांना पाणी, भाकरी आणि पाठ टेकायला जागा दिलीच पाहिजे. दिंड्यांची स्वतःची स्वयंपाकाची व्यवस्था असते, पण ती एकटी पुरत नाही. उरलेलं काम गावं करतात. घराघरांतून भाकऱ्या गोळा होतात, पिठलं शिजतं. कुणी केळी वाटतं, कुणी नुसतं पाण्याचं पिंप भरून रस्त्याकडेला उभं राहतं. नाभिक फुकट दाढी करतात, चर्मकार चपला शिवून देतात, डॉक्टर पायांचे फोड बघतात. अनेक दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरी, त्याच शेतात उतरतात. आणि कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही. वाढणाराही "माउली", जेवणाराही "माउली".

इथं एक बारीक गोष्ट आहे. आमच्याकडं ज्याला वारीला जायला जमत नाही, तो म्हणतो, "मला चालायला झालं नाही, निदान वाढायला तरी मिळू दे." म्हणजे हा पाहुणचार उपकार म्हणून होत नाही. तो त्या माणसाचा वारीतला वाटा असतो. पाहुणाच वाटेवर आला नाही, तर यजमानाची वारी बुडते.

हे मी उगाच तत्त्वज्ञान सांगत नाही. असं खरंच झालं होतं. २०२० चं वर्ष आठवा. कोरोनामुळं पायी वारी रद्द झाली. मे महिन्याच्या अखेरीस सरकारनं जाहीर केलं की संतांच्या पादुका दशमीला हेलिकॉप्टर, विमान किंवा बस, जे जमेल त्यानं पंढरपूरला नेऊ. साडेतीनशे वर्षांच्या जवळ जाणाऱ्या या परंपरेत विमानाचा पर्याय सरकारी निर्णयात आला होता. जूनच्या मध्यात मोजक्या माणसांत प्रस्थान झालं, पादुका देहू-आळंदीतच थांबल्या, आणि ३० जूनला फुलांनी सजवलेल्या एसटीनं त्या पंढरपूरला गेल्या. त्या परिस्थितीत हा निर्णय बरोबरच होता. पादुका वेळेवर पोचल्या, एकादशी चुकली नाही.

पण माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सुरुवात आणि शेवट दोन्ही बरोबर आले आणि मधला सगळा प्रोग्रॅम गायब झाला. पुरंदवडे, खुडूस, अकलूजची मैदानं त्या आषाढात मोकळी राहिली. भाकऱ्या थापायला हात होते, जेवायला माणूस नव्हता. त्या वर्षी कळलं की वारीत मधला रस्ता हेच पोचायचं ठिकाण आहे.

आता सोलापूरच्या विमानाकडं येऊ. होटगी रोडचा विमानतळ जुना आहे. किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. गंमत बघा, त्याच उद्योगसमूहाच्या मॅकडॉवेलचं नाव बरीच वर्षं महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीला लागलेलं होतं. नंतर अडचण झाली सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या साधारण ९० मीटर उंच चिमणीची. विमान हवं म्हणणारे आणि कारखाना जगला पाहिजे म्हणणारे सभासद-कामगार, असे शहरात दोन तट पडले. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं. त्यानंतर दहाच दिवसांनी आळंदीहून माउलींचं प्रस्थान होतं.

मला हे विमान हवंय, स्पष्ट सांगतो. चादरी-टॉवेलचा धंदा करणाऱ्यांना, उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांना, बाहेर नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांना त्याची गरज आहे. आणि विमानानं वारी बदलेल अशी भीतीही मला आकड्यांत वाटत नाही. या मार्गावरच्या छोट्या विमानात सत्तरच्या आसपास माणसं बसतात. एक लाख माणसं आणायची तर चौदाशेच्या वर फेऱ्या लागतील. वारी विमानात मावणारच नाही.

भीती वेगळी आहे, आणि ती फक्त विमानाची नाही. पालखी मार्ग आता चौपदरी होतोय, गाडीनं येणं सोपं झालंय. सकाळी यायचं, रिंगण बघायचं, व्हिडिओ काढायचा आणि संध्याकाळी परत जायचं, असा पाहुणा वाढणार. त्याच्यासाठी आधी खुर्च्या लागतील, मग सावलीचा मंडप, मग पास, आणि एक दिवस पासचे दर. तिथं पोचलो की आपलं रिंगण लुइव्हिलसारखं होईल, फक्त पैज लावायची खिडकी तेवढी नसेल. आणि खुडूसच्या ज्या बाईनं रात्री जागून भाकऱ्या थापल्या, ती स्वतःच्याच गावात दोरीच्या बाहेर उभी राहील.

म्हणून येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. विमानानं या, गाडीनं या, जरूर या. पण निदान एक टप्पा चाला, माळशिरस ते वेळापूर चाला, आणि कुणी भाकरी पुढं केली तर "नको, हॉटेलात जेवतो" म्हणू नका. ती घेणं हाही वारीचाच भाग आहे. आणि आपण सोलापूरकरांनी विमानतळावर पाहुण्याला हार जरूर घालावा, पण रिंगणाच्या मैदानात त्याची वेगळी रांग करू नये. घोड्याच्या टापांखालची माती सगळ्यांनी वाकूनच उचलायची असते.

तुमच्या घरी कुठली दिंडी उतरते, किती वर्षांपासून उतरते, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.