गिरणींतून शेताकडे

यवतमाळ शहरास लागूनच लोहारा नांवाचें गांव आहे. शहराची वस्ती आतां त्यास येऊन भिडली आहे आणि तेथें औद्योगिक वसाहत उभी आहे. तिच्यांत जाड निळें डेनिम कापडहि तयार होतें. या एका परिसरांत कापसाचें सगळें आयुष्य पाहावयास मिळतें : काळ्या जमिनींत उभें पीक, कापसापासून सरकी वेगळी काढणारे जिन, रुईच्या गांठी बांधणारे प्रेस आणि अखेर सूत व कापड. कापूस शेतांतून निघतो आणि पायरीपायरीनें गिरणींत जातो. त्या कापसावर राबणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी घेणारा कायदा मात्र अगदीं उलट दिशेनें चालत आला. तो गिरणींत जन्मला, तेथून पुष्कळ वर्षांनीं जिनांत शिरला आणि शेताच्या धुऱ्याशीं येऊन थांबला. हा प्रवास कसा झाला आणि तो धुऱ्यावर थांबल्याची किंमत कोणास द्यावी लागली, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मुंबईंत कावसजी दावर यांनीं कापडाची पहिली गिरणी १८५४ सालीं स्थापिली व १८५६ मध्यें ती चालू झाली. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकीं सोन्याचें मोल आलें. वऱ्हाडांत आगगाडी आली. अमरावती व खामगांव येथील कापसाचे बाजार देशोदेशीं प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी धावूं लागली, तीहि मुख्यतः कापसासाठींच. लोकांनीं लाडानें ‘शकुंतला’ म्हटलेली ही गाडी आतां थांबली आहे.

पैसा वाढला, यंत्रें वाढलीं. परंतु यंत्रापाशीं उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार करणारा कारखान्यांचा कायदा त्या काळीं हिंदुस्थानांत नव्हता. गिरणींतील काम सूर्योदयास सुरू होई व सूर्यास्तास सुटे. लहान मुलेंहि त्यांत असत. मुंबई सरकारनें १८७५ मध्यें या स्थितीच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. कायद्याच्या मागणींत मोठा आवाज होता तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा. येथील गिरण्यांची चढाओढ त्यांस खुपत होती, आणि येथें कामाचे तास घटले तर त्यांचा माल अधिक खपणार होता. म्हणून एतद्देशीय गिरणीमालक व पुष्कळशीं वृत्तपत्रें कायद्याच्या विरुद्ध गेलीं. त्यांचा संशय निराधार नव्हता. परंतु उपाय सुचविणाऱ्याचा हेतु शुद्ध नाहीं, एवढ्यानें पट्ट्यांत सांपडलेला हात कांहीं सुटत नाहीं. हें ओळखणारे लोक थोडे होते. सोराबजी शापूरजी बंगाली हे त्यांपैकीं एक. त्यांनीं १८७८ मध्यें स्वतः कायद्याचा मसुदा पुढें आणला.

१८८१ सालीं कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवूं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांहून अधिक राबवूं नये, धोक्याच्या यंत्रांभोवतीं कठडा असावा आणि अपघाताची वर्दी द्यावी, एवढाच त्याचा मुख्य आशय. त्यांतहि दोन अटी होत्या. शंभर किंवा त्यांहून अधिक माणसें जेथें असतील तोच कारखाना, ही पहिली. आणि तो वर्षांतून चार महिन्यांहून अधिक चालला पाहिजे, ही दुसरी. या दोन अटी ध्यानांत ठेवाव्या, कारण पुढील सगळा इतिहास त्यांभोवतींच फिरतो.

कामगारांचें म्हणणें काय होतें, हें तीन वर्षांनीं प्रकट झालें. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांचा अर्ज तयार केला. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा आणि पगार वेळेवर या मागण्यांबरोबर त्यांत आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्या माणसास बरा होईपर्यंत वेतन मिळावें, आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. १८९० मध्यें साप्ताहिक सुटी मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ मध्यें झाला. अर्ज आणि कायदा यांमध्यें एकोणचाळीस वर्षें गेलीं.

आतां जिनाकडे वळूं. जिनाचा, म्हणजे ज्यास आपल्याकडे रेचाहि म्हणतात त्याचा, व्यवहार थोडक्यांत असा : चामडें बसविलेला रूळ पात्याला घांसून फिरतो, कापसाचे तंतु ओढून नेतो, आणि सरकी खालीं पडते. यंत्रांच्या रांगेपाशीं उभें राहून त्यांत कापूस घालण्याचें काम पुष्कळदां स्त्रिया करीत. फिरता दांडा, त्यावरचे पट्टे, हवेंत तरंगणारी रुई आणि एका ठिणगीनें सगळा ढीग पेटण्याची भीति. गिरणीपेक्षां येथील धोका कमी नव्हता. पण जिनाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि बहुधा होळीच्या सुमारास ओसरे. चार महिन्यांच्या अटीमुळें कायद्याच्या दृष्टीनें असा जिन म्हणजे कारखानाच नव्हे !

मुंबई सरकारच्या १८८४-८५ च्या चौकशींत शेजारच्या खानदेशांतील जिनांची हकीकत बाहेर आली. तेथें स्त्रिया पहांटे चार-पांच वाजतां कामास लागत व रात्रीं उशिरां सुटत. काम तुंबलें कीं रात्रहि जागून काढावी लागे. १८९१ च्या कायद्यानें कामगारांची संख्या शंभरावरून पन्नासावर आणली आणि स्त्रियांसाठीं अकरा तासांची मर्यादा घातली. तरी थोड्या महिन्यांपुरते चालणारे हंगामी कारखाने कायद्याखालीं आले ते १९११ मध्यें. गिरणीच्या दारांतून जिनाच्या दारांत येण्यास कायद्यास तीस वर्षें लागलीं.

तेथें आल्यावरहि तो बरोबरीनें वागला नाहीं. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांस दिवसास दहा तास व आठवड्यास चौपन्न तासांची मर्यादा ठरविली, तर हंगामी कारखान्यांस अकरा व साठ तासांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खात्याचे प्रमुख असतां त्यांनीं मांडलेल्या सुधारणेनें १९४६ मध्यें बारमाही कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला, आणि १९४८ च्या कायद्यानें बारमाही व हंगामी हा भेद काढून टाकला. विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा माणसें पुरेशीं ठरलीं. त्याच कायद्यांत एक कलम मुद्दाम कापसासाठीं होतें : प्रेसमध्यें रुई मोकळी करणारें यंत्र ज्या भागांत चालतें, तेथें स्त्रिया व मुलें यांस काम देऊं नये.

यंत्राची जखम डोळ्यांस दिसते. धुळीची दिसत नाहीं. इटालियन वैद्य रामाझिनी यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि ताग-अंबाडीसारखे तंतु पिंजणाऱ्यांचा खोकला नोंदविला. कापसाच्या धुळीनें होणारा छातीचा विकार त्याच जातीचा आहे. त्याची एक खूण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे : सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशीं छाती आवळते, आठवडा सरतां सरतां बरें वाटतें, आणि पुढच्या पहिल्या दिवशीं तेंच. वर्षांमागून वर्षें गेलीं म्हणजे हा दमा कायमचा होतो. रोगी त्यास थंडीचा दोष समजतो, मालक तंबाखूचा.

श्रोतेहो, येथवरचा इतिहास गिरणीचा व जिनाचा झाला. कापूस जेथें पिकतो तें शेत कोणत्याच कारखान्यांच्या कायद्यांत नव्हतें. पूर्वीं शेतांतील धोका म्हणजे साप, ऊन आणि विळा. पुढें कीटकनाशकें आलीं. शेतकऱ्याच्या तोंडीं त्यांस ‘औषध’ हेंच नांव आहे, आणि हें नांवच मोठें फसवें आहे. या विषांसाठीं १९६८ सालीं कायदा झाला व १९७१ मध्यें त्याचे नियम झाले. फवारणाऱ्यास संरक्षक कपडे, श्वासासाठीं साधन, प्रथमोपचार, शिक्षण, सर्व कांहीं त्यांत लिहिलेलें आहे. डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणें लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. परंतु दुकानांतील डबा तपासणें सोपें. तोच डबा पाठीवरच्या पंपांत ओतला गेल्यावर धुऱ्यापलीकडे काय होतें, हें पाहण्यास तेथें कोण आहे?

याचें उत्तर यवतमाळ जिल्ह्यास २०१७ च्या पावसाळ्यांत मिळालें. त्या वर्षीं विदर्भांत कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती. झाडें उंच वाढलीं होतीं, त्यामुळें फवारा खालीं न जातां तोंडावर येई. दोन-तीन विषें एकत्र करून फवारलीं जात होतीं आणि दमट उन्हांत अंगावरचे कपडे भिजत होते. कांहीं विषें श्वासाबरोबर जातात, तशींच कातडींतूनहि शरीरांत शिरतात व मज्जातंतूंचें काम बिघडवितात. त्या हंगामांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. सरकारनें विशेष तपास पथक नेमलें व कांहीं कीटकनाशकांच्या विक्रीस तात्पुरती बंदी केली.

त्या वेळीं सर्वत्र एकच वाक्य ऐकूं येई : मजुरांनीं तोंडास कांहीं बांधलें नव्हतें. हेंच वाक्य शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं गिरणींत निराळ्या शब्दांत ऐकूं येत असे : कामगार निष्काळजी, म्हणून हात गेला. कारखान्यांच्या कायद्याचें थोर कार्य हें, कीं त्यानें उपदेश बाजूस ठेवून कठडा घातला. हातास सावध राहण्यास सांगण्याआधीं चाक झांकलें पाहिजे, हा न्याय त्यानें प्रस्थापित केला. तोच न्याय शेतास लावला तर अत्यंत जहाल विषें बाजारांतून काढणें हा पहिला कठडा, अनेक विषांचें मिश्रण खपविणाऱ्या विक्रेत्यावर जबाबदारी टाकणें हा दुसरा, आणि मुखवटा व हातमोजे हा शेवटचा. भाद्रपदाच्या उकाड्यांत रबराचा पोशाख चढवून दिवसभर पंप वाहणें किती शक्य आहे, याचा विचार पंख्याखालीं बसून नियम करणारांनीं अवश्य करावा.

२०२० सालीं कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य यांविषयीं नवी संहिता संमत झाली. १९४८ च्या कारखाना कायद्यासह तेरा कायदे तिच्यांत विलीन झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलांत आली. वार्षिक आरोग्यतपासणीसारख्या कांहीं चांगल्या गोष्टी तिच्यांत आहेत. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याची किमान संख्या दहावरून पुनः वीसावर गेली आहे. शंभर, पन्नास, वीस, दहा अशी खालीं उतरत आलेली मोजणी प्रथमच वर चढली. इतर कामाच्या जागांसाठीं दहा हा आंकडा आहे. दोन-तीन फवारणारे असलेलें शेत त्यांत कोठून बसणार?

लोहाऱ्याच्या वसाहतींत यंत्राचा कठडा मोडलेला दिसला तर तें पाहण्याचें काम ठरलेल्या अधिकाऱ्याचें आहे. तेथून थोड्या अंतरावर कपाशींत पंप घेऊन फिरणाऱ्या मजुरासाठीं असा अधिकारी नाहीं. पेरणीपूर्वीं तालुक्यांत शिकविलेले फवारणारे नोंदविणें, हंगामाआधीं ग्रामीण दवाखान्यांत उताऱ्याचीं औषधें व रक्ततपासणी सिद्ध ठेवणें, हीं कामें फार खर्चाचीं नाहींत. त्यांस अडथळा आहे तो जुन्या मोजणीचा. फवारणारा माणूस त्या उंच पिकांत बहुधा एकटाच असतो, आणि कायद्यास अजून एकापासून मोजावयाचें शिकावयाचें आहे.