सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. लहानपणी मला वाटायचं, इथे सिमल्याची तिकिटं मिळत असतील. खरं तर ते हवामान खात्याचं कार्यालय. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडून सिमला काही गेलं नाही.

ज्या गावात कधी हिम पडत नाही, त्याचा हिमालयाशी एवढाच संबंध, असं मी बरीच वर्षं समजत होते. तसं नाही. हे खातं सुरू झालं १८७५ मध्ये. त्याआधी प्रत्येक प्रांत आपापल्या परीने नोंदी ठेवी. त्या एका शिस्तीत आणण्याचं काम हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आलं. वर्षभरातच, १८७६ मध्ये, दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यातून दुष्काळाचे वृत्तांत गोळा करून सरकारकडे धाडले. निरीक्षकांचं तेही एक जाळंच होतं. हवामानाच्या इतिहासात त्याचा उल्लेख मात्र कुणी करत नाही.

पुढच्या वर्षी उत्तरेतही पाऊस लांबला. हे आधी कळू शकतं का, असं सरकारने ब्लॅनफर्ड यांना विचारलं. त्यांची नजर हिमालयाकडे गेली. १८७७ च्या वसंतात वायव्य हिमालयात अवेळी, उशिरापर्यंत हिम पडलं होतं. हिम ऊन परत फेकतं, वितळताना उष्णता खातं. मग जमीन तापायला उशीर होतो, उत्तरेकडचे कोरडे वारे रेंगाळतात आणि समुद्रावरच्या वाऱ्यांना जोर धरता येत नाही, असा त्यांचा तर्क. १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये त्यांनी तो मांडला. १८८२ पासून चाचणीदाखल अंदाज बांधले जात होते. पहिला रीतसर अंदाज ४ जून १८८६ ला निघाला.

मला भाषांतरकार म्हणून कुतूहल आहे ते कच्च्या मालाचं. पाऊस पर्जन्यमापकात मोजता येतो, पण डोंगरावरच्या हिमाला कोण माप लावणार? पहाडातल्या अधिकाऱ्यांकडून येई ते बहुतेक वर्णनच: हिम नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा खाली उतरलेलं. हे ‘नेहमी’ कुणाचं? दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या साहेबाचं की तिथेच म्हातारं झालेल्या मेंढपाळाचं? अशी विशेषणं शेजारी शेजारी ठेवून त्यांतून एक तुलना काढायची, हे माझ्या धंद्यातलंही रोजचं दुखणं. आपल्याकडे तर शब्दापासूनच अडचण. ‘बर्फ’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ आभाळातून पडणारं हिम, गोठलेल्या पाण्याला वेगळा शब्द आहे. मराठीत बर्फ म्हटलं की भुशात गुंडाळलेली लादी आणि कालाखट्टा घातलेला गोळा डोळ्यांपुढे येतो.

अंदाज नेहमी बरोबर निघाले असं नाही. १८९९ मध्ये जॉन एलियट यांनी चांगल्या पावसाचं भाकीत केलं आणि भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांनी झोडपलं. त्यानंतर काही वर्षं अंदाज गोपनीय ठेवले गेले, म्हणजे ज्याचं शेत त्यालाच ते कळायचे नाहीत. हा उपाय मला चुकीच्या भाकितापेक्षा वाईट वाटतो.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते मुळात गणिती. नुसत्या तर्कावर विसंबायचं नाही, आकड्यांचा आकड्यांशी मेळ बसतो का ते पाहायचं, ही त्यांची रीत. १९०९ च्या त्यांच्या सूत्रात चार गोष्टी होत्या: मे अखेरीस हिमालयात साचलेलं हिम, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेचा वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस. झांझिबारमध्ये कुणीतरी रोज पर्जन्यमापक पाहत होता, आणि त्याचा आकडा खान्देशातल्या पेरणीसाठी लागत होता. त्या दोघांनी एकमेकांच्या गावाचं नावही ऐकलं नसेल.

हिमाचा आणि पावसाचा व्यस्त संबंध १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी उपग्रहांवरून मिळालेल्या युरेशियाच्या हिमाच्छादनातून पुन्हा दाखवला. तोही दरवर्षी सारखा जुळत नाही. सिमला ऑफिसच्या थांब्यावर जूनमध्ये छत्री घेऊन उभी असले की मी आभाळाकडेच बघते, पण हल्ली एकदा उत्तरेकडेही मान वळते.