काळ्या पाषाणांतील प्रकाश

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हटला कीं किल्ल्यांचे तट, घाटांच्या पायऱ्या, पाटा-वरवंटा आणि रस्त्यावरची खडी एवढ्याच वस्तु सामान्यतः डोळ्यांपुढें उभ्या राहतात. प्रकाशाच्या शास्त्राशीं या पाषाणाचा कांहीं संबंध असेल, अशी शंकाहि कुणाला येत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं युरोपांतील थोर विद्वानांना प्रकाशाच्या अभ्यासांत ज्या एका स्फटिकानें कोड्यांत टाकलें, तो स्फटिक याच पाषाणाच्या पोटीं विपुल सांपडतो. त्याचें नांव अ‍ॅपोफिलाइट.

१९७० सालीं सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि खाडीच्या पूर्वतीरावरील आगरी-कोळ्यांच्या गांवांभोवतीं नवी मुंबई वसूं लागली. या शहराच्या पाठीशीं उभे असलेले पारसिकचे डोंगर आणि खारघरचे कडे हे त्याच काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून लाव्हारस बाहेर पडला व थरावर थर बसत गेले. रस थिजतांना त्यांतील वायूच्या बुडबुड्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें दीर्घ काळ त्या पोकळ्यांतून खनिजें विरघळलेलें ऊन पाणी झिरपत राहिलें आणि त्यांच्या भिंतींवर स्फटिक धरले. झिओलाइट वर्गाचीं खनिजें, कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि अ‍ॅपोफिलाइट हीं त्यांतील प्रमुख होत. लोकभाषेंत अशा पांढऱ्या चकचकीत दगडांस सरसकट गारगोटी म्हणतात. परंतु या एका नांवाखालीं अनेक भिन्न कुळें दडलेलीं आहेत.

अ‍ॅपोफिलाइटचें कूळ पानांचें आहे. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात हें सर्वांस ठाऊक आहे. अ‍ॅपोफिलाइट वरून ठोकळ्यासारखा भरीव दिसतो, परंतु तोहि एका ठराविक दिशेनें सहज फुटून त्याचे सपाट पापे निघतात. हा स्फटिक तापविला असतां त्यांतील पाणी निघून जातें व त्याच्या पाकळ्या सुटूं लागतात. म्हणूनच १८०६ सालीं फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ आयुई यानें ग्रीक भाषेंतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नामकरण केलें. त्यापूर्वीं १८०० सालीं आंद्रादा नांवाच्या विद्वानानें या खनिजास ‘मत्स्याक्ष’ या अर्थाचें नांव दिलें होतें. हाच आंद्रादा पुढें ब्राझील देशाच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार ठरला. शिजविलेल्या मासळीचा डोळा जसा मोतिया-पांढरा दिसतो, तसें या स्फटिकाचें माथ्याचें अंग दिसतें. बाजूचीं अंगें मात्र कांचेसारखीं लखलखीत असतात.

एकाच दगडाच्या दोन अंगांवर दोन प्रकारचें तेज कां असावें? माथ्याचें अंग हें पानांना समांतर असतें. पानांमध्यें अतिसूक्ष्म फटी असतात. प्रकाशाचा कांहीं भाग वरच्या पृष्ठावरून परततो, कांहीं आंत शिरून खालच्या फटींवरून परततो. निरनिराळ्या खोलीवरून परतलेल्या या किरणांचें मिश्रण होऊन मोत्याचें पाणी दिसूं लागतें.

याहून नवलाची गोष्ट १८२० च्या सुमारास इंग्लंडांत जॉन हर्शेल याच्या ध्यानांत आली. बहुतेक स्फटिकांत शिरलेल्या किरणाचे दोन भाग होतात व ते निरनिराळ्या वेगानें जातात. एकाच प्रतलांत कंप पावणारा प्रकाश घेऊन अशा स्फटिकाचा पातळ पापा त्याच्या मुख्य अक्षाच्या दिशेनें योग्य उपकरणांतून पाहिला, तर एक काळी फुली व तिच्याभोवतीं रंगीत वलयें दिसतात. या वलयांतील रंग बहुधा न्यूटननें पातळ पटलांविषयीं सांगितलेल्या क्रमानें, म्हणजे साबणाच्या फुग्यावरील रंगांच्या क्रमानें येतात. अ‍ॅपोफिलाइटनें मात्र हा नियम मोडला. त्याच्या कांहीं नमुन्यांत वलयें जवळजवळ केवळ काळीं-पांढरीं दिसलीं, तर कांहींत रंग आले ते भलत्याच क्रमानें.

याचें कारण असें कीं, या स्फटिकांत दोन किरणांच्या वेगांतील अंतर फारच थोडें असतें, आणि जें असतें तेंहि रंगागणिक बदलतें. कांहीं नमुन्यांत तर एका रंगासाठीं जो किरण पुढें असतो, तोच दुसऱ्या रंगासाठीं मागें पडतो. लहरींची लांबी आणि हें अंतर एकाच प्रमाणांत बदललें, म्हणजे सर्व रंगांचीं वलयें एकाच जागीं पडतात व पांढरीं दिसतात. स्कॉटलंडांतील डेव्हिड ब्रूस्टर यानें फेरो बेटांवरील स्फटिकांत याच प्रकाशाच्या साह्यानें फरसबंदीसारखी चित्रविचित्र रचना पाहिली. फेरो बेटें हींहि लाव्ह्याचींच, सह्याद्रीच्या पाषाणाचीं जणूं दूरचीं भावंडें. या पानांची आंतील मांडणी कळण्यास मात्र १९३१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं टेलर व नाराय-साबो यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें सिलिकेटचे थर आणि त्यांच्या दरम्यान बसलेले कॅल्शियम, पोटॅशियम व पाणी यांचा उलगडा केला.

महाराष्ट्रांतील स्फटिक जगापुढें आले ते रेल्वेमुळें. १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटाचें काम चाललें होतें. १८६१ सालीं तेथें चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांपैकीं असंख्य माणसें मेलीं. त्यांच्या सुरुंगांनीं फुटलेल्या कातळांतून अपूर्व स्फटिक बाहेर पडले आणि परदेशच्या संग्रहालयांत जाऊन बसले. नमुन्यांखालीं गांवाचें नांव लिहिलें गेलें. ज्यांच्या हातांनीं ते निघाले, त्यांचें नांव कुठेंहि लागलें नाहीं. पुढें पुणें परिसरांतील खाणींतून हिरव्या रंगाचा अ‍ॅपोफिलाइट निघाला व त्याची कीर्ति सर्वत्र झाली. हा हिरवेपणा अत्यल्प व्हॅनेडियम धातूमुळें येतो, हें १९७४ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज रॉसमन यांनीं त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचें मापन करून दाखविलें. दगड पुण्याचा, परीक्षा मात्र कॅलिफोर्नियांत झाली.

नव्या मुंबईच्या उभारणींतहि पुष्कळ डोंगर खर्ची पडला. २०२५ सालीं उद्घाटन झालेल्या विमानतळासाठीं उलव्याची टेकडी सपाट करण्यांत आली. शहरास खडी लागणार, हें उघड आहे. परंतु खडीच्या यंत्रांत गेलेला स्फटिक पुनः घडविणें कोणाच्याहि हातीं नाहीं. सिन्नर येथें ‘गारगोटी’ नांवाचें खनिजसंग्रहालय उभें राहिलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एका संग्रहालयानें एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचें काम भागणारें नाहीं. प्रत्येक शाळेंत आपल्या परिसरांतील दगडांचें एक कपाट असावें आणि प्रत्येक दगडाजवळ तो कोठें व केव्हां मिळाला याची चिठ्ठी असावी. असा स्फटिक हातीं आल्यास मुलांनीं तो दिव्यापुढें धरून सावकाश फिरवावा. माथ्यावर मोत्याचें पाणी आणि बाजूस कांचेचें तेज दिसलें, तर तो बहुधा मत्स्याक्षच आहे असें समजावें. आणि हर्शेलसारख्यास कोड्यांत टाकणारा दगड आपल्याच डोंगरांत मिळतो, हें मुलांना त्याच वेळीं सांगावें.